शिरवाळ्यांना माणसं लागतात

यंदा 1 मे शुक्रवारी आला. महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी, पुढे शनिवार-रविवार. फेब्रुवारीतच दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, एकेकाला फोन लावले. "या खेपेला कुणी कारण सांगायचं नाही. मोठ्या काकीकडे आचऱ्याला जायचं, सगळ्यांनी."

सगळे म्हणजे तेवीस जण. मुंबई, डोंबिवली, विरार, पुणे अशा चार ठिकाणी पांगलेलो. मोठे काका तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून मोठी काकी आचऱ्याच्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या समुद्रकाठच्या गावातल्या, त्या घरात एकटीच राहते. वय एकोणऐंशी. "चल आमच्याकडे" असं प्रत्येकाने दहादा म्हणून झालं, आणि दहाही वेळा तिचं उत्तर एकच, "घराक दिवो कोण लावतलो?" आम्ही वर्षातून एकदा जायचो, पण कुणी गणपतीत, कुणी मे महिन्यात, कुणी जत्रेला. सगळे एकदम गेलो होतो ते काकांच्या बाराव्याला.

गुरुवार रात्र

दादरहून तुतारी एक्सप्रेस. कोकणात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. ही गाडी रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. म्हणजे गुरुवारी रात्री घराबाहेर पडायचं असलं तरी तिकीट शुक्रवारच्या तारखेचं काढायचं. आमच्या घरात एका वर्षी ही चूक झाली आहे आणि सात माणसं फलाटावर उभी राहिली आहेत. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, सकाळी 8 वाजता, आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. आम्ही चार जणांनी चार फोनवरून एकाच वेळी काढली.

गाडीत झोप कुणालाच नव्हती. पनवेल गेल्यावर आत्याने डबा उघडला. रात्री पावणेदोन वाजता दशम्या आणि लसणाची चटणी. पलीकडच्या बर्थवरच्या एका आजोबांनीही मागून घेतली, ते राजापूरला चालले होते.

शुक्रवार

कणकवलीला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. ठरवलेली गाडी आली नव्हती आणि गाडीवाल्याचा फोन बंद. अर्धा तास वाट पाहून सरळ एसटी स्टँड गाठला. झालं ते बरंच झालं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आत्या पंचाहत्तरी पार केलेली म्हणून तिला आधारकार्डावर पूर्ण मोफत. शिवाय मुलांना खिडकीतून अख्खा रस्ता बघायला मिळाला: काजूच्या बागा, वळणावळणावर आंब्याच्या पेट्या भरणारे, भाजावळीने, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजल्याने, काळे पडलेले कोपरे.

काकी खळ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, कारण एसटीची वेळ तिला माहीत असायचं कारण नव्हतं. हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. एकेकाला ओवाळून तुकडा बाजूला टाकत होती आणि मोजत होती. तेवीस होईपर्यंत कुणाला आत जाऊ दिलं नाही. सगळ्यात धाकटी, दादाची सहा वर्षांची नात, शेवटी आली तेव्हा म्हणाली, "इलात मां सगळे? आता पाय धुवा."

पायरीवर तांब्याचं घंगाळ भरून ठेवलं होतं. घरात शिरल्याबरोबर गार वाटलं. शेणाने सारवलेली जमीन आणि वर नळे, म्हणजे मातीची कौलं, त्यामुळे बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत पंख्याशिवाय बसता येतं. पेज तयार होती, उकड्या तांदळाची, सोबत फणसाची भाजी आणि मिठातली कैरी. तेवीस माणसांची पेज तिने एकटीने केली होती. शेजारची सून मदतीला येते म्हणत होती, हिने परत पाठवली.

पेज जेवताना धाकटे काका सहज म्हणाले, "वयनी, उद्या शिरवाळे करूया." काकीचा हात वाढतावाढता थांबला. मग म्हणाली, "शेवगो माळ्यार आसा. तुमचो मोठो भाव गेल्यापासून त्येका हात लावलंय नाय. ते दाबीत, मी धरी. एकटी कित्याक करू? दाबतलो कोण?"

त्यावर कुणीच काही बोललं नाही. दादा ताट तसंच ठेवून उठला आणि माळ्यावर चढला.

ज्यांनी शेवगा पाहिला नसेल त्यांच्यासाठी: शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, आणि त्या पाडायचं लाकडी यंत्र म्हणजे शेवगा. आमचा फणसाच्या लाकडाचा आहे. चार पायांवर उभा, मधे पितळेची भोकं असलेली वाटी, तिच्यात बसणारा दट्ट्या आणि वर पुरुषभर लांबीचा दांडा. दादाने खाली आणला तेव्हा त्याच्यावर कोळिष्टकं होती, पण दांड्याचा शेवटचा हातभर भाग गुळगुळीत, तपकिरी, लोण्यासारखा. तिथे काकांचे हात पडायचे. काकीने पदराने तोच भाग पुसला. बाकीचा आम्ही चिंच लावून, राख लावून, धुऊन उन्हात ठेवला.

संध्याकाळी रामेश्वराला जाऊन आलो. गावात आल्यावर आधी ग्रामदैवत, मग समुद्र, हा आमच्याकडचा क्रम. मुलांना मात्र समुद्राचीच घाई. तेव्हा बाबांनी त्यांना पाऊणकी शिकवली. भरतीची वेळ काढायची ही कोकणातली जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण पोरांना पाण्यात कधी सोडायचं हे ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, त्या दिवशी भर दुपारी पाण्यात उतरू नका. साडेपाचला आम्ही पोचलो तेव्हा पाणी खूप आत गेलं होतं आणि ओल्या वाळूचं मैदान पसरलेलं. माझा मुलगा सातवीत आहे. अपूर्णांकांचा गुणाकार त्याने वर्षभर कंटाळत केला. इथे मोबाइलवर वेळ तपासून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आई, खरंच बरोबर आलं!"

रात्री खळ्यात चटया टाकल्या. पौर्णिमेचा चंद्र माडांच्या वर आला आणि दिवे बंद केले. वारा पडला होता, घाम थांबत नव्हता, तरी आत कुणी गेलं नाही. मुलांनी काकीला गावपळणीची गोष्ट सांगायला लावली.

गोष्ट म्हणायची एवढंच, आहे ती खरी. आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव बाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. तीन दिवस आणि तीन रात्री गावात कुणीही नसतं. वेशीबाहेर झापांची खोपटी बांधून लोक राहतात, तिथेच चुली, तिथेच भजनं. मग देवाचा कौल झाला की परत. काकी लग्न होऊन आली त्यानंतरच्या पहिल्याच गावपळणीत तिची सासूशी खरी ओळख झाली, असं तिने सांगितलं. घरात सासूसमोर तोंड वर करायची सोय नव्हती. खोपटात एकाच घोंगडीवर झोपायचं, मग बोलणं झालंच.

माझ्या भाचीने विचारलं, "मग तीन दिवस घर रिकामं? भीती नाही वाटत?"

काकी म्हणाली, "तीन दिवसांची कसली भीती बाय. माणसा परत येतली म्हायत असता."

शनिवार

पहाटे साडेपाचला धाकट्या काकांनी सगळ्या पुरुषांना आणि जागी असलेल्या आम्हा चौघींना उठवलं. किनाऱ्यावर रापण लागली होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जातात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढत राहतात आणि दोन रांगा हळूहळू जवळ येतात. यंत्र कुठलंच नाही. रापणकारांकडे पूर्वी एका रापणीला पन्नास-साठ माणसं असायची. आज मोजली तर वीसही नव्हती. आम्ही विचारल्यावर एका म्हाताऱ्या रापणकाराने नुसता दोराकडे हात केला.

मी दोर धरला. ओला काथ्यासारखा खरखरीत, हाताला मीठ लागत होतं. दोन मिनिटांत माझं चुकलं. मी हातांनी ओढत होते. मागचा म्हातारा म्हणाला, "हातान ओढू नको. आंग मागे टाक आनी चल." त्याने सांगितलं तसं केलं. दोर काखेखालून घेऊन मागे रेलायचं आणि उलट्या पावली चालायचं. शेवटी पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेला यायचं. अशा किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत. दोन तास तरी झाले असतील. पुण्याच्या वहिनी कधी घरात झाडू मारायला वाकत नाहीत, कंबरेचा त्रास आहे. त्या किनाऱ्यावर बसून दोराची वेटोळी घालत होत्या, आणि ते काम करायला तिथे खरंच कुणी नव्हतं.

जाळं वर आलं तेव्हा तारल्या, थोडे बांगडे, चार-दोन सौंदाळे. तीन टोपल्या. म्हातारा म्हणाला, पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिक होड्यांतून मोठी जाळी टाकणारे, बाहेर उभे राहिल्यापासून किनाऱ्याला येतंच काय. तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं. तरीही त्याने आमच्यासाठी वाटा काढला. आम्ही पैसे देऊ लागलो तर घेईना. "दोराक हात लावलास ना, मग वाटो तुझो." ओढायला मदत करणाऱ्याला वाटा मिळतो, हा रिवाज. तुम्ही कधी रापण चाललेली पाहिलीत तर नुसते फोटो काढत उभे राहू नका, विचारून दोर धरा. फक्त जाळ्याच्या मधल्या भागात शिरू नका आणि दोराला गाठ मारलेली दिसली तर ती सोडवू नका.

दुपारी बांगड्याचं तिखलं झालं, तिरफळं घालून. तिरफळ ठेचून सगळ्यात शेवटी घालायचं, उकळवत ठेवलं तर कडवटपणा येतो. भात, तिखलं, सोलकढी आणि मग सरसकट सगळे आडवे. दुपारी एक ते चार या दिवसांत बाहेर काही करता येत नाही, करूही नये. पाण्याचंही जपावं लागतं. मे महिन्यात विहिरी तळाला जातात, आमच्या विहिरीत पुरुषभर पाणी होतं. पंप सकाळी वीस मिनिटं आणि आंघोळीला माणशी एक बादली असं काकीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोकणात गावच्या घरी मोठ्या संख्येने जाणार असाल तर हे आधी विचारून घ्या. शहरातली सवय घेऊन गेलात तर तुम्ही निघाल्यावर घरच्यांना शेजारून पाणी आणावं लागतं.

चारला शिरवाळ्यांना सुरुवात झाली.

तीन किलो पीठ. तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, दळून काकीने आधीच तयार ठेवले होते. म्हणजे माळ्यावरचा शेवगा काढायला सांगितलं नव्हतं तरी पीठ होतं. हे माझ्या लक्षात आलं, मी बोलले नाही. किलोभर पिठात सात-आठ माणसं पोटभर जेवतात. मागच्या मांगरात, म्हणजे परसातल्या छपरात, दोन चुली पेटवल्या. एकीवर उकड, दुसरीवर पातेलंभर पाणी. उकड गरम असतानाच मळायची, तिचे मुठीएवढे लांबट गोळे करायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. गोळे वर तरंगले की काढायचे आणि लगेच शेवग्यात. इथे वेळ घालवून चालत नाही. "गोळो थंड झालो काय सुटणा नाय," असं काकी दर पाच मिनिटांनी सांगत होती.

दुसऱ्या टोकाला नारळ. दहा नारळ दोन विळ्यांवर खोवले जात होते. पहिलं दाट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. गूळ पातळ दुधात विरघळवून, गाळून, मग त्यात दाट दूध, वेलची आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, नाहीतर गोडी नुसती पोकळ लागते. आत्या गाळण्यावर बसली होती आणि कुणालाही हात लावू देत नव्हती.

आता दांडा. पहिला दादा लागला. गोळा वाटीत घातला, दट्ट्या बसवला, दादाने दांड्यावर जोर दिला. काही नाही. पुन्हा दिला. तेव्हा काकी शेवग्यासमोर पाटावर बसली, केळीचं पान दोन्ही हातांवर धरलं आणि म्हणाली, "जोर देव नको. अंगाचा वजन सोड." सकाळी रापणीवर म्हाताऱ्याने मला जे सांगितलं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. दादाने हात सैल केले आणि दांड्यावर पोट टेकून वाकला. पितळी भोकांतून पांढरे शुभ्र दोरे बाहेर आले, एकदम, सगळे एका लांबीचे, वाफ निघत असलेले. काकीने पान गोल फिरवत फिरवत त्यांची चकली घेतली आणि बोटाने एका झटक्यात तोडली. तिचा हात आधी कापत होता, पान फिरवताना कापला नाही.

मग पाळ्या लागल्या. माझा मुलगा आणि भाचा दोघे मिळून दांड्यावर लोंबले. नवरा दांड्यावर, मी पानावर, असं आम्हीही केलं. माझी पहिली चकली पानावरून घसरून जमिनीवर पडली, ती कोंबड्यांना. दुसरी जमली. पान नुसतं धरायचं नसतं, शेवया येतील त्या वेगाने फिरवत राहावं लागतं. आणि तो वेग दाबणाऱ्यावर असतो. म्हणजे दांड्यावरच्या माणसाचा श्वास ऐकून पान फिरवायचं. काकी आणि काकांनी हे पन्नास वर्षं केलं होतं.

मोजलं तर त्या वेळी मांगरात बारा माणसं कामाला होती. चुलीवर दोन, मळायला तीन, दांड्यावर दोन, पानावर एक, नारळाला चार. धाकटी पानं पुसून आणून देत होती, ती तेरावी. तयार पीठ, तयार शेवया आता बाजारात मिळतात, साचे मिळतात, एकट्याने चार माणसांपुरते शिरवाळे करता येतात. मी डोंबिवलीत केले आहेत. पण इथे बसल्यावर कळलं की काकीला करता येत नव्हते असं नाही. तिला एकटीला करायचे नव्हते.

चंद्र उशिरा आला, वद्य प्रतिपदा होती. खळ्यात दोन पंगती बसल्या. केळीच्या पानावर शिरवाळे, वाटीत रस, बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ. पहिलं पान काकीने घरात नेलं, काकांच्या फोटोसमोर ठेवलं आणि थोडा वेळ आतच थांबली. बाहेर आली तेव्हा सरळ दादाजवळ बसली. "त्येंच्यासारखे नाय जमले," म्हणाली. मग एक घास खाल्ला. "पन सुटसुटीत झाले."

रविवार

सकाळी लवकर कुणकेश्वर. शनिवारी रात्रीच शेजारच्यांच्या ओळखीने तीन गाड्या सांगितल्या होत्या, त्या वेळेवर आल्या. कोकणची काशी म्हणतात ते हे शंकराचं देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. महाशिवरात्रीला इथे मुंगीला जागा नसते. मे महिन्यातल्या सकाळी सातला गाभाऱ्यात आम्ही आणि एक गुरव, एवढेच. ओहोटी होती. देवळाच्या पायऱ्या उतरून मुलं थेट वाळूवर. जायचं तर सकाळीच जा, नऊनंतर वाळू पायाला चटके देते.

येताना आंबे घेतले, ओळखीच्या बागायतदाराकडून. पिकलेले घेऊन प्रवास करू नका. झाडावर तयार झालेला पण कडक हापूस घ्या, घरी गवताच्या अढीत आठ-दहा दिवसांत पिकतो, आणि रोज वरचा थर उलटून बघा.

दहाला परतलो तर काकी विहिरीवर. परातीत दहा-बारा किलो तांदूळ घेऊन धूत होती, आणि शेजारची सून पाणी ओढून देत होती. आत्याने विचारलं, "वयनी, आता आणि हे कशाला? आम्ही दुपारी निघालो."

"गणपतीत येतलात मां? तेव्हा ऊन खयचा? तांदूळ आताच सुकवून ठेवक होये."

गणपती यंदा 14 सप्टेंबरला, सोमवारी. तेव्हा कोकणात पाऊस असतो आणि धुतलेलं काही वाळत नाही. दादाने तिथल्या तिथे भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. शनिवारी, 12 सप्टेंबरला रात्रीची तुतारी धरायची तर आरक्षण 14 जुलैला सकाळी 8 वाजता उघडणार. त्याने त्या चौकोनात पेनने लिहिलं: "23 तिकिटं, चार फोन." धाकट्या काकांनी खात्री करून घेतली की बारा तारखेचं म्हणजे शुक्रवारी रात्री घराबाहेर पडायचं.

शेवगा पुसून, खोबरेल लावून दादा माळ्यावर चढवायला निघाला. काकीने अडवलं. "खालीच ऱ्हवांदे." मग तो पडवीत, काकांच्या आरामखुर्चीशेजारी ठेवला.

दुपारी तीनला गाड्या आल्या. मांगराच्या सावलीत काकीने चटयांवर तांदूळ पसरले होते, पातळ थर, मधे बोटांनी ओढलेल्या रेघा. धाकटी काठी घेऊन कावळे हाकत बसली होती, तिला उठवावं लागलं. काठी तिने काकीच्या हातात दिली आणि कुठला कावळा जास्त वाईट आहे तेही सांगितलं. गाडी वळणावर गेली तेव्हा मागे वळून बघितलं. काकी दारात उभी राहून हात करत नव्हती. ती चटईजवळ पाटावर बसली होती, काठी मांडीवर घेऊन, कावळ्याकडे बघत.